रामटेकचे खासदार, पण लक्षात कोण घेतो?

रसमड्याला मेल गाड्या थांबत नाहीत. दुर्ग सोडून राजनांदगावकडे निघालं की लागणारं हे पहिलं स्टेशन, आणि मेलच्या खिडकीतून दिसतात ती बोरईच्या कारखान्यांची धुराडी. पॅसेंजर मात्र मालगाड्यांना वाट देत कधी येईल ते तिचं तिलाच ठाऊक. परवा तिथल्या बाकावर मी आणि रामटेकचे साडूभाऊ असेच ताटकळत बसलो होतो. धाकट्या चिरंजीवांना बोरईच्या एखाद्या कारखान्यात चिकटवता येईल का, ते बघायला साडूभाऊ आले होते.

"हे पाहा भाऊ," त्यांनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "नरसिंह रावांबद्दल कोणालेच माहीत नसलेल्या गोष्टी!"

कोणालाच माहीत नसलेल्या या गोष्टी आमच्या भिलाईच्या ग्रुपवर सकाळपासून चारदा आल्या होत्या. सकाळी रावांना दहा भाषा येत होत्या, जेवणापर्यंत तेरा झाल्या, आणि साडूभाऊंच्या मोबाइलवर सतरा. माणूस २००४ साली गेला, तरी अभ्यास चालूच आहे.

"त्यात मराठी आहे का?"

"असंल ना!"

आहे, आणि भाजी घेण्यापुरती नाही. फर्ग्युसनला शिकलेल्या, नागपुरात वकिली पास झालेल्या या तेलुगू माणसानं हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी तेलुगूत नेली. आपल्याकडे तिच्या नायिकेचं, यमूचं, नाव काढलं की "हो हो, क्लासिक" म्हणून विषय बदलतात. रावांनी ती अख्खी वाचली, वर भाषांतरही केलं. एवढ्यावर त्यांना एखाद्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद द्यायला हरकत नव्हती. पण संमेलनाध्यक्ष होण्यापेक्षा पंतप्रधान होणं त्यांना सोपं गेलं असावं.

दुसरी गोष्ट साडूभाऊंच्या अंगणातली. १९८४च्या काँग्रेसलाटेत भाजपचे देशभरात दोनच खासदार निवडून आले, आणि त्यातल्या एकानं हनमकोंड्यात नेमकं रावांनाच पाडलं. लाटेत बुडण्याचं असं कौशल्य क्वचितच दिसतं. तरी राव लोकसभेत पोचले, कारण ते रामटेकहूनही उभे होते. १९८९लाही रामटेकनंच त्यांना दिल्लीला धाडलं.

आता कालिदासाचं बघा. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचं रामटेक, असं नागपूरकर छातीठोक सांगतात; छत्तीसगडवाले म्हणतात, छे, तो आमच्या सरगुज्याचा रामगढ. कवी इथे आला की तिथे, यावर दोन्हीकडे बाह्या सरसावलेल्या. रामटेकचा माणूस पुढे देशाचा पंतप्रधान झाला, त्यावर मात्र कोणाचाच दावा नाही. कालिदासाचं बरं आहे, त्याला बाबरी मशिदीबद्दल कोणी जाब विचारत नाही. रावांना तो विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. ६ डिसेंबर १९९२ ही तारीख काही फॉरवर्डमधून गाळून पुसली जात नाही.

दुसरी एक तारीख मात्र आपोआप पुसली गेली. २४ जुलै १९९१. त्या दिवशीचं मनमोहन सिंगांचं अंदाजपत्रक सर्वांना आठवतं. त्याच दिवशी, त्याच्या काही तास आधी, नवं औद्योगिक धोरण संसदेत गुपचूप ठेवलं गेलं. उद्योग खातं खुद्द रावांकडे, पण मांडायला उभे केले राज्यमंत्री कुरियन. लग्न आपलं आणि बोहल्यावर शेजारी! या धोरणानं लोखंड-पोलाद सरकारी राखीव यादीतून बाहेर काढलं. पुढच्या जानेवारीत किमतीवरचं नियंत्रणही गेलं. समोरच्या खासगी धुराड्यांतून जो काळा धूर निघत होता, त्याचं निम्मं श्रेय रावांना द्यायला हवं. खोकल्याचंही.

"म्हणजे," साडूभाऊ विचारात पडले, "पोराची नोकरी लागली तं रावांमुळं?"

"आणि नाही लागली तरी त्यांच्यामुळेच. दिल्लीची पद्धत तीच आहे."

"पण रामटेकचे खासदार म्हणता? चौऱ्याऐंशीले तर माझं पहिलंच मत होतं!"

"मग दिलंत कोणाला?"

"पंजाले! नाव कोण वाचते भाऊ?"

तेवढ्यात सिग्नल पडला. आम्ही पिशव्या उचलून उभे राहिलो, आणि समोरून मालगाडी धडधडत निघून गेली.