दीडशेची किल्ली

पुण्याहून गुहागरला आम्ही पहाटे पाचला निघालो. म्हणजे गाडीत बसलो पाचला, हललो पावणेसहाला. मधला पाऊण तास नव्या किल्लीने खाल्ला.

गाडी सेकंडहँड, किल्ली एकच. दुसरीसाठी शोरूमने सांगितलेला आकडा ऐकून मी चुकून दारच विकत मागितलं की काय, असं वाटलं. मग छत्रीखालच्या चावीवाल्याने दीडशे रुपयांत कानस मारून दिली. दार उघडलं. इंजिनही सुरू झालं, आणि दोन सेकंदांत गप्प. पुन्हा तेच. मागून मेहुणे म्हणाले, "चोक ओढा." या गाडीला चोक नाही, हे त्यांना पटेना.

शेवटी बायकोने जुनी किल्ली इग्निशनजवळ धरली आणि गाडी धडाधड सुरू! जुन्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीची कॉइल तिला जागं करते, ती आपला नंबर सांगते, आणि तो पटला तरच गाडी इंजिन चालू देते. युरोपात ही चौकशी १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे. थोडक्यात, माझी किल्ली बघायला आलेल्या नवऱ्यामुलासारखी होती: वडील शेजारी असले तरच बोलणार.

कराड, पाटण, कुंभार्लीचं धुकं, भजी. प्रत्येक थांब्यानंतर गाडी सुरू करायला आम्ही दोघं लागायचो.

चिपळूणच्या चावीवाल्याने किल्ली उलटसुलट पाहिली.

"कुठं केलीत?"

"पुण्यात."

"वाटलंच. चिप नाय म्हणून चीप पडली."

बाराशे रुपये घेऊन त्याने मूळ किल्ली एका यंत्रात धरली, नंबर वाचला आणि वेगळ्या नव्या किल्लीतल्या कोऱ्या चिपवर उतरवला. नव्या गाड्यांच्या चिपा दर वेळी वेगळं उत्तर देतात, तिथे एवढ्यावर भागत नाही. आमची जुनी गाडी मात्र रोज तेच ऐकून समाधान मानणारी.

गुहागरला दोन्ही चिपवाल्या किल्ल्या मी एकाच रिंगमध्ये घातल्या, हरवू नयेत म्हणून. समुद्र दिसला, खटका दाबून दार लोटलं आणि धावलो. परतलो तेव्हा रिंग काचेआड इग्निशनला लोंबकळत होती.

मेहुण्यांनी दगड शोधायला सुरुवात केली. बायकोने शांतपणे पर्स उघडली, त्यातून एक किल्ली काढली आणि दार उघडलं.

"ही कुठली?"

"दीडशेची."