सगळी अक्षरं मोठी करून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या भाऊंना



तुमचं नाव मी इथे लिहिणार नाही, तुमच्या सॉफ्टवेअरचंही नाही. सुरतच्या बमरोलीतल्या ज्या गाळ्यांवर ते चालतं, तिथल्या हिशेबनिसांना एवढ्यावरूनच ओळख पटेल : कीबोर्डवर काहीही टाइप करा, जपून ठेवताना सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत होतं. पार्टीचं नाव, पत्ता, दलाल, चलान, सगळं. आणि आम्ही ज्याला रिमार्क म्हणतो तो रकानासुद्धा. छोट्या अक्षरांनी तुमचं काय घोडं मारलं होतं, ते एकदा सांगाच.

रिमार्क म्हणजे उरलेली जागा, असं तुम्हाला वाटलेलं दिसतं. इथे येऊन बसला असतात तर तसं वाटलं नसतं. उधना-पांडेसऱ्याच्या या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोट भरतात. हिशेब लिहिणारा घरी अहिराणी बोलतो, मालक गुजराती, लूमवरचा कारागीर बहुधा ओडिया, टेम्पोवाला हिंदी. सगळ्यांना वाचता यावं म्हणून रिमार्क रोमन अक्षरांत लिहायचा, शब्द मात्र मिळेल त्या भाषेचे. व्याकरण कुणी बघत नाही. पण एक शिस्त सगळ्यांनी न सांगता पाळली होती : ओळ छोट्या अक्षरांत आणि जे चुकता कामा नये तेवढंच मोठ्या अक्षरांत. ‘टाके डागी आहेत, मिलला पाठवू नको’ अशी ओळ असली (टाका म्हणजे कापडाचा तागा), तर ‘पाठवू नको’ हे दोनच शब्द मोठे. माल भरणारा पोरगा अख्खी ओळ वाचत नसे. त्याची नजर थेट त्या दोन शब्दांवर जायची आणि हात थांबायचा.

तुमचं नवं अपडेट आलं आणि ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी मोठी झाली. आमच्याकडे डागी टाके टेम्पोत चढले, मिलमध्ये गेले, तिथून बोलणी खाऊन परत आले. जाण्या-येण्याचं भाडं गेलं. दलालानं पार्टीसमोर मान खाली घातली. आणि चूक कुणाची ठरली? त्या पोराची. ‘रिमार्कमध्ये लिहिलं होतं, तू वाचलं नाहीस.’ भाऊ, त्यानं वाचलं नाही कारण वाचायची खूण तुम्ही पुसून टाकली होती. त्याच्या पगारातून जे कापलं गेलं, त्याचा हिशेब तुमच्या कोणत्या रकान्यात धरायचा?

‘पूर्वीपासून असंच असतं’ हे तुमच्या मदत क्रमांकावरचं उत्तर. पूर्वी तसंच होतं, बरोबर आहे. त्याला कारण होतं. टेलिप्रिंटरचा संकेत पाच बिटांचा, त्यात ३२ जागा. छोट्या अक्षरांना घरच नव्हतं. संगणकाच्या अ‍ॅस्की संकेताची १९६३ची पहिली आवृत्तीसुद्धा मोठ्या अक्षरांपुरतीच होती. छोटी अक्षरं त्यात १९६७पर्यंत आली. ज्या टेलिप्रिंटरमुळे ही सवय लागली, त्याच्या जोरावर एके काळी चालणारी आपली तारसेवाही जुलै २०१३मध्ये बंद झाली. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा टेलिप्रिंटरच्या काळापासून आपले अंदाज मोठ्या अक्षरांत देत आली होती. तिनंसुद्धा ११ मे २०१६पासून ती पद्धत सोडायला सुरुवात केली, आणि धोक्याच्या सूचनेत जोर द्यायला मोठी अक्षरं वापरायची मुभा तेवढी ठेवली. आमच्या हिशेबनिसांचा नियम अगदी हाच होता. त्यांना तो कुणी शिकवला नव्हता. तुम्ही मात्र शिकून-सवरून तो मोडलात.

अ‍ॅस्कीत मोठ्या ए-चा क्रमांक ६५, छोट्या ए-चा ९७. फरक ३२चा, म्हणजे एकाच बिटाचा. हा बिट तुम्ही पुसलात आणि पुसताना मूळ ओळ कुठे ठेवलीही नाहीत. आता ती परत आणायला कोणतंही सूत्र नाही. छोट्याचं मोठं यंत्राला करता येतं. पण मोठ्यातलं कोणतं मुळातच मोठं होतं, हे यंत्राला कोण सांगणार?

म्हणून शोधायला बसलो. जुन्या नोंदींत पूर्ण मोठ्या अक्षरांचे शब्द कुठे आहेत ते काढायचं, म्हणजे इशारे तरी वेगळे करता येतील. सगळ्यांना पहिल्यांदा सुचते ती युक्ती अशी : रकान्यातला मजकूर आणि त्याचंच मोठ्या अक्षरांतलं रूप सारखं आहे का, ते विचारायचं. मायएसक्यूएल या डेटाबेसला विचाराल तर तो इंग्रजीतल्या प्रत्येक नोंदीला ‘सारखं आहे’ म्हणतो, कारण त्याची नेहमीची तुलना छोटं-मोठं बघतच नाही. एक्सेलमधलं साधं बरोबरचं चिन्हही तसंच; तिथे एक्झॅक्ट हे फंक्शन वापरावं लागतं. तुलना काटेकोर केली, तरी नुसते आकडे असलेल्या नोंदी जाळ्यात येतात आणि देवनागरीत लिहिलेल्या ओळीही येतात, कारण आपल्या लिपीत छोटं-मोठं नसतंच. शेवटी शब्दाशब्दानं जावं लागतं : लागोपाठ दोन किंवा जास्त मोठी अक्षरं, दोन्ही बाजूंना शब्दाची हद्द, आणि, ही अट सगळ्यांत महत्त्वाची, त्याच नोंदीत निदान एक छोटं अक्षर. नोंदीत छोटं अक्षर असेल तरच मोठा शब्द कुणीतरी मुद्दाम लिहिला असं म्हणता येतं. अपडेटच्या आधीच्या बॅकअपमधल्या नोंदींत या अटीवर शब्द सापडतात : ‘नको’, ‘थांबव’, ‘उधार बंद’, ‘आधी पैसे’. अपडेटनंतरच्या नोंदींत एकही सापडत नाही. लिहिणारे तेच, धंदा तोच, इशारेही तेवढेच असणार.

मोठ्या अक्षरांशी आमचं वैर नाही. जीएसटी क्रमांक मोठ्या अक्षरांतच हवा : पंधरा जागा, गुजरातचे पहिले दोन आकडे २४, पुढचे दहा पॅनचे. पॅन, आयएफएससी, गाडीचा जीजे ०५चा नंबर, यांना ठराविक रूप आहे. तिथे तुम्ही खुशाल सक्ती करा, आम्ही आभार मानू. हातानं भरायच्या फॉर्मवर चौकोनांत मोठी अक्षरं लिहायला सांगतात तेही योग्य, कारण हस्ताक्षर लागत नाही. पण टाइप केलेल्या ओळीला अक्षर न लागण्याचा प्रश्नच कुठे येतो?

तक्रारी वाढल्यावर तुम्ही जो इलाज पाठवलात, त्यानं तर आगीतून फुफाट्यात पडलो. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, बाकी छोटी. त्यानं जीआयडीसीचं पहिलं अक्षर मोठं राहिलं आणि बाकी तीन छोटी झाली, एलएलपीचं तेच, माणसांच्या नावामागची आद्याक्षरं एखाद्या शब्दासारखी दिसू लागली. इशारे परत आले नाहीतच. जे पूर्वी बरोबर मोठं होतं तेही गेलं.

आणि आपल्या भाषेपुरतं सांगतो. रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याच्या अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीत छोट्या टी-चा त होतो, मोठ्या टी-चा ट. छोट्या एन-चा न, मोठ्या एन-चा ण. छोट्या एल-चा ल आणि मोठ्या एल-चा ळ. तशा मजकुरावर तुमची ती सगळं मोठं करणारी कोडची ओळ चालवली की ‘काळा’ आणि ‘काला’ एकच होतात. उद्या कुणी अहिराणी गाणी अशा पद्धतीनं उतरवून ठेवली आणि तुमच्यासारख्याच कुणाच्या हाती डेटाबेस सापडला, तर सगळ्या गाण्यांतल्या ल-चा ळ होईल.

शोधणं सोपं व्हावं म्हणून हे केलं, असं तुमचा माणूस म्हणाला. शोधताना दोन्ही बाजू मोठ्या करून ताडून बघा ना. त्यासाठी डेटाबेसमध्ये वेगळी अनुक्रमणिका ठेवता येते. साठवलेल्या मजकुराला हात लावायची गरज नाही. लिहिणाऱ्यानं जे लिहिलं ते जसंच्या तसं ठेवणं, हे तुमचं पहिलं काम. त्याचेच पैसे दरवर्षी नूतनीकरणाच्या नावानं तुम्ही आमच्याकडून घेता.

तर मागणं एवढंच. रिमार्क, पत्ता आणि नावं या रकान्यांवरची सक्ती पुढच्या अपडेटमध्ये काढा. जीएसटी, पॅन, आयएफएससी आणि गाडी नंबर यांवर ठेवा. आणि बमरोली-पांडेसऱ्यातल्या गाळेवाल्यांनो, अपडेटच्या आधीचा बॅकअप ज्यांच्या जुन्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर पडून असेल, त्यांनी तो पुसू नका. तुमच्या हिशेबनिसांनी मोठ्या अक्षरांत लिहिलेले इशारे आता फक्त तिथेच शिल्लक आहेत.