उजेड नेमका कुणावर?

२०१५ साली मुंबईच्या मरिन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले आणि राज्याच्या सत्तेत मांडीला मांडी लावून बसलेले भाजप-शिवसेना दिव्याच्या रंगावरून भांडले. एकाला मरिन ड्राइव्हच्या रात्रीच्या 'राणीच्या कंठहारा'ची काळजी, दुसऱ्याला विजेच्या बिलाची. अखेर पिवळसर एलईडी आले. त्या उजेडात रात्री घरी जाणारीला काय दिसतं, हा मुद्दा फारसा कुणाला सुचला नाही.

मग २०२२च्या अखेरीस सुशोभीकरण आलं. खांबांना रंगीत पट्ट्या, झाडांच्या बुंध्यांना तारांचे वेढे. सगळं शहर बाराही महिने लग्नाच्या मांडवासारखं दिसू लागलं. फक्त पदपथ तेवढा अंधारात. कारण साधं आहे: रस्त्यावरचा उंच दिवा मोटारींसाठी असतो आणि त्याच्याखाली झाडाचा पसारा. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला सावली, तीही रात्री!

शहर सुरक्षित वाटतं ते माणसांच्या नजरेमुळे, असं शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स १९६१मध्येच लिहून गेल्या. आमच्याकडे ही नजर भुर्जीवाला, पानवाला, फुलवाली फुकट पुरवतात. म्हणून आधी त्यांना उठवायचं, आणि रस्ता ओस पडला की तिथे 'सुरक्षिततेसाठी' दिव्यांची निविदा काढायची.

साहेबांना एवढीच विनंती: पुढच्या निविदेवर सही करण्याआधी रात्री अकराला गाडीतून उतरा आणि स्टेशनपर्यंत पायी या. शिपाई सोबत नको.