खिडकीतला कापूस

आमच्या येलदरीत कापूस शेतात पिकतो. माझ्याकडे तो खिडकीत पिकला, त्याची ही हकिकत.

लेक पुण्याला नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत येताना तिनं बुटाच्या खोक्यातून सहा चिमुकल्या कुंड्या आणल्या. सक्युलंट म्हणतात त्यांना. जाड पानांची, पाणी पोटात साठवून बसणारी झाडं. आपली कोरफड आणि घायपात त्याच गोतावळ्यातले. फक्त यांची नावं शहरातली. इचेव्हेरिया, हावर्थिया, जेड. आईनं एक कुंडी नाकाशी धरून विचारलं, "केवढ्याला पडलं गं एक?"

"दोनशे."

"माय माय! बांधावरचं निवडुंग इकत आणलीस? आम्ही मजुरी देऊन उपटून टाकलो ते."

जाताना लेकीनं बजावलं, "बाबा, माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी घालायचं नाही." धरणाच्या गावातल्या माणसाला असं सांगणं म्हणजे हलवायाच्या पोराला साखर मोजून खा म्हणणं. पूर्णेवरच्या आमच्या धरणात 934 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं, दरवाजे उघडले की बघायला जिंतूर लोटतं, आणि माझ्या खिडकीत मात्र पंधरा दिवसांतून अर्धी वाटी! मी रोज एक वाटी घातली. शिवाय नर्सरीची ती भुसभुशीत, रेताड माती मला फार दरिद्री वाटली, म्हणून शेतातली उत्तम काळी माती आणून भरली. ज्या मातीत कापूस पिकतो, तिच्यात काय पिकणार नाही? (पुढे तोच पिकला.)

आधी आली चिलटं. ओल्या मातीत अंडी घालायची, नि मोठं झाल्यावर माझ्या चहात उडी मारून जीव द्यायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. मातीचा वरचा थर वाळू दिला की ती आपोआप आटोपतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्यांच्यासाठी आठ दिवस धूप जाळला. चिलटं राहिली, पाहुणे कमी झाले.

मग एके दिवशी जेडच्या पानाच्या बगलेत पांढरा ठिपका दिसला. उदबत्तीची राख असेल म्हणून फुंकर मारली. हलला नाही. आठवड्याभरात ठिपक्याचे पुंजके झाले, पानं बोटाला चिकट लागायला लागली आणि खिडकीच्या गजावरून मुंग्यांची दिंडी निघाली. मी मुंग्यांची पावडर टाकली. चोर घरात आणि मी त्याच्या राखणदाराशी भांडतोय, असा तो प्रकार होता. आई खिडकीशी आली. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं तिनं एकदाच बघितलं.

"आरं, ह्याला तर बोंड फुटलंय."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पिठ्या ढेकूण!

2006-07 च्या सुमारास आणि पुढची दोन-तीन वर्षं याच जातकुळीनं कापसाला जेरीस आणलं होतं. बांधावरच्या गाजरगवतावर मुक्काम, तिथून पऱ्हाटीवर स्वारी. शेतात तो मी वीस पावलांवरून ओळखला असता. घरात, चकचकीत कुंडीत, पडद्याआड मात्र ओळखला नाही. रोजचा गुराखी लग्नात सुटाबुटात दिसला की आपण त्याला नमस्कार करतो, तसं झालं. भिंग घेऊन बघितलं तर तोच: लांबट, मऊ, अंगाला पीठ फासलेलं, कडेनं मेणाची झालर. पानातला रस ओढतो, गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात.

आता मला सगळीकडेच पिठ्या दिसायला लागला. शेजारच्या इचेव्हेरियाच्या पानांवर पांढुरकी भुकटी होती. म्हटलं, हिलाही लागण! ओल्या फडक्यानं एकेक पान शाळेतल्या फळ्यासारखं लख्ख पुसलं आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ती किंचाळलीच. ती भुकटी झाडाची स्वतःची होती, उन्हापासून वाचायला पानानं चढवलेला मेणाचा थर. पुसलेल्या पानावर तो सहसा पुन्हा चढत नाही. माझ्या बोटांचे ठसे आजही त्या झाडावर आहेत, पोलिसांना लागले तर. खूण साधी आहे: झाडाचं पीठ पानभर सारखं पसरलेलं असतं, किडीचं बगलेत आणि शिरेकडेला पुंजक्यानं.

ओळखण्यात चुकणारा मी काही पहिला नाही. किरमिजी रंग देणारा किडा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात 1795 मध्ये ब्राझीलहून कलकत्त्याला या पिठ्याचाच एक दूरचा नातलग आणला गेला. निघाला भलताच. धड रंग देईना, पण रानोमाळ माजलेल्या निवडुंगाचा मात्र त्यानं फडशा पाडला. मग एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत निवडुंग मारायला तोच मुद्दाम नेला. कंपनीची चूक इतिहासात जमा झाली, माझी घरातल्या टोमण्यांत.

औषधाला कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदारानं सवयीनं वही उघडली. "सर, क्षेत्र किती हाय?"

"सहा कुंड्या."

त्यानं मान वर केली. बाकड्यावरच्या चौघांनीही केली. "मग पंप कामून लागतोय सर? पिचकारी न्या होळीची." पण माणूस भला. एक लिटरची विषारी बाटली खपवता आली असती, ती त्यानं फळीवरून काढलीच नाही. "ज्या खोलीत लेकरं झोपतेत तिथं हे फवारत नसतेत. मेडिकलवरून स्पिरिट घ्या, कापसानं पुसा."

कापूस काढायला कापूस! कान कोरायच्या काडीला स्पिरिट लावून मी एकेक ढेकूण टिपत बसलो. आधी एका पानावर लावून बघायचं, उन्हात करायचं नाही आणि सात-आठ दिवसांनी पुन्हा तीन-चार फेऱ्या मारायच्या, कारण अंडी मागे राहतात. दर रविवारी घरातून स्पिरिटचा वास. तिसऱ्या रविवारी शेजारच्या काकांनी ओसरीवर बसवून, शिक्षकानं या वयात कसं राहावं, यावर तासभर समजूत घातली. त्यानंतर मी शेतातलाच निंबोळी अर्क धरला. शेताचं प्रमाण शंभर लिटरला पाच किलो निंबोळ्या. ते शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅम असं किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घेतलं. वास स्पिरिटपेक्षा वाईट, पण अब्रू शाबूत.

जेड तरीही सुकतच होती. शेवटी कुंडी उपडी केली. मुळांवर पांढरी बुरशी असावी तसा थर. जवळून बघितलं तर तो चालायला लागला. मुळांवरचा पिठ्या! माझी सुपीक काळी माती फेकली, मुळं धुतली, सडकी कापली, झाड चार दिवस सावलीत उघडं वाळवलं आणि त्याच दरिद्री, रेताड मातीत परत लावलं. तगली. हावर्थिया मात्र गेली. ती किडीनं नव्हे, माझ्या रोजच्या वाटीनं.

तर पावसाळ्यात धरण बघायला येलदरीला आलात तर चहाला घरी अवश्य या. मात्र येताना कुंडी आणू नका. आणलीच, तर तिला पंधरा दिवस न्हाणीत एकटं राहावं लागेल. मोठं भिंग आईनं तिथंच टांगून ठेवलंय.