एका नव्या बंपरास अनावृत पत्र

श्रीयुत बंपरमहाराज यांचे सेवेशी,

विनंती विशेष. आमच्या गुऱ्हाळमालक शेजाऱ्यांच्या जीपगाडीच्या अग्रभागी आपली नेमणूक होऊन आपण कामावर रुजू झालात, याबद्दल आपले यथोचित अभिनंदन करणे हे आम्ही कर्तव्य समजतो. पूर्वाधिकारी बंपर एका मोरीच्या कठड्यावर कामी आला. त्याच्या जागी काळाकभिन्न, जाड नळ्यांचा, छातीवर 'नाद करायचा नाय' असा लेख मिरवणारा सरदार तैनात झालेला पाहून आमच्या आळीतील लहान मुले व कुत्री यांच्या मनात जो आदर उत्पन्न झाला आहे, त्याचे वर्णन करणे कठीण.

तथापि आपण ज्या आसनावर विराजमान आहात, त्याची हकीकत आपणांस कोणी निवेदन केली नसावी. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांप्रमाणे ही गाडीही शिडीच्या चौकटीवर उभी आहे; दोन लांब पोलादी तुळया, त्यांना सांधणारे आडवे दांडे, आणि तुळयांच्या पुढल्या टोकांवर बंपराची बैठक. कठड्याने बंपराचा निकाल लावून तेथेच थांबण्याचे सौजन्य दाखवले नाही. डाव्या तुळईचे टोक त्याने दीड बोट मागे सारले. परिणामी आपल्या बैठकीची छिद्रे उजवीकडे तंतोतंत जुळली आणि डावीकडे बोल्ट काही केल्या आत शिरेना. अशा प्रसंगी सामान्य बुद्धीच्या मनुष्याने चौकटीविषयी शंका घेतली असती. मिस्त्रींनी ती आपल्याविषयी घेतली. "चार सूत इकडं-तिकडं चालतंय मालक, होल मोठं करून घेऊ," असे म्हणून त्यांनी गॅसकटर पेटवला, आपली वाटोळी छिद्रे लांबट केली, आणि तरीही जे अंतर उरले ते खाच पाडलेल्या लोखंडी चकत्या एकावर एक सरकवून बुजवले. मग रस्त्यापलीकडे जाऊन, एक डोळा मिटून, त्यांनी आपण सरळ असल्याचा निवाडा दिला. मजुरी रोख घेतली.

आपण सरळ आहात, याविषयी आमचीही तक्रार नाही. गाडी मात्र तिरपी चालते. तुळईचा वाक पुढच्या चाकाच्या टेकूपर्यंत पोहोचल्यामुळे डावे चाक उजव्याच्या किंचित मागे राहते, सुकाणू सोडले की स्वारी डावीकडच्या उसाकडे वळते, आणि टायर एकाच काठाने झिजतो. मालक टायरवाल्याला शिव्या देतात.

वास्तविक गाडी सपाट जागी उभी करून, चौकटीच्या ठरावीक बिंदूंखाली ओळंबा सोडून, जमिनीवर खडूच्या खुणा करून दोन्ही कर्ण ताडून पाहिले असते तर सारा मामला अर्ध्या घटकेत उघड झाला असता. एवढ्यासाठी खडूच्या तुकड्यापलीकडे खर्च नव्हता. पुढे चौकट सरळ करण्याच्या बैठकीवर ती आवळून साखळ्यांनी हळूहळू ओढावी लागते, मधूनमधून पुन्हा मापावी लागते, आणि ज्योतीने फाजील तापवली तर पोलादाचे बळ जाते, म्हणून तो हव्यासही आवरावा लागतो. पण या कामाला वेळ व पैसा लागतो, आणि एवढे करून रस्त्यावरच्या माणसाला त्यातले काही दिसत नाही. आपण दिसता! आपल्या नेमणुकीचे खरे कारण हेच असावे, असा आमचा नम्र तर्क आहे.

आणखी एक नाजूक बाब. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आपल्या जातीच्या लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्याविषयी राज्यांना लिहिले, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ ची आठवण दिली. मूळचा बंपर व त्यामागचा पत्रा स्वतः चुरगळून आघाताचा काही भाग पोटात घालतात. आपण मात्र ताठ राहून तो थेट तुळयांच्या हवाली करता. एअरबॅगच्या गाड्यांत आघाताची वर्दी त्यामुळे वेळेवर पोहोचत नाही, असाही धोका असतो. या गाडीत एअरबॅग नाही, म्हणून तेवढ्या आरोपातून आपण सुटलात. परंतु पुढच्या मोरीला आपण जे काही पोहोचते कराल, ते आधीच वाकलेल्या तुळईला पोहोचते कराल, आणि तेही लांबट छिद्रांतून घसरत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. डाव्या बोल्टाखालच्या चकत्यांपैकी एक काल गुऱ्हाळाच्या वाटेवर सापडली. ती आपल्या नावे जमा करून ठेवली आहे. सवडीने घेऊन जावी.