हिमनदी पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. पण एकेका जहाजावर दोन-तीन हजार माणसं असतात आणि प्रत्येकाला कठड्यालगतचीच जागा हवी असते. तेव्हा उजाडताच डेकवरच्या खुर्चीवर शाल टाकून यावं. तिकिटं अमेरिकेतल्या मुलाने काढली असली तरी हे काम बाबांकडे द्यावं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्याचा अनुभव मुलाच्या पिढीकडे नाही.

सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन शिडीने जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगू लागतात. नेमकं तेव्हाच नाश्त्याला जावं, रांग कमी असते. बर्फ निळा का दिसतो, हे ते सांगतात: दाबाने घट्ट झालेला बर्फ उजेडातला लाल रंग शोषून घेतो. ते आपण ऐकलेलं नसल्यामुळे दुपारी "आकाशाचं प्रतिबिंब, दुसरं काय!" असं घरच्यांना ठणकावून सांगता येतं.

मार्जरी हिमनदीपुढे जहाज साधारण तासभर थांबतं. नदी सुमारे ३४ किलोमीटर लांब, तोंडाशी दीड किलोमीटरहून रुंद, आणि पाण्यावर उभी भिंत सुमारे ७५ मीटरची. इथे काम एकच, कडा कोसळण्याची वाट पाहणं. व्हिडिओ सुरू करून हात उंच धरावा. हात भरून आला की खाली घ्यावा. कडा तेव्हाच कोसळतो. आवाजावर विसंबू नये. अर्ध्या किलोमीटरवरून गडगडाट पोहोचायला दीड सेकंद लागतो, म्हणजे वळून पाहीपर्यंत नुसते तुषार उरतात. इथले मूळचे ट्लिंगिट लोक त्याला 'पांढरा गडगडाट' म्हणतात. तुमच्या व्हिडिओत तो सुरेख येईल, फक्त चित्र शेजारच्या काकांच्या कानटोपीचं असेल.

कडा कोसळला की टाळ्या वाजवाव्यात, आणि लगेच चेहरा पाडून तापमानवाढीवर बोलावं. गरम पाण्याच्या टबात बसून बोलल्यास जास्त परिणाम होतो. समुद्राला भिडलेल्या हिमनदीचं टोक ती वाढत असतानाही तुटतच असतं, असं कुणी सांगू लागलं तर विषय बदलावा. तपशिलाने हळहळ पातळ होते.

शेजारीच दगडमातीने माखलेला काळपट ढिगारा दिसेल. ती ग्रँड पॅसिफिक हिमनदी. तिच्याकडे पाठ करून मार्जरीसोबत सेल्फी घ्यावा, सगळे तसंच करतात. १७९४ मध्ये दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांना इथे खाडी अशी दिसलीच नव्हती. होती ती बर्फाच्या भिंतीपुढची किनाऱ्यावरची जेमतेम खाच. १९१६ पर्यंत ग्रँड पॅसिफिक खाडीच्या मुखापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत सरकली. जहाज उभं आहे ते पाणी तिनेच मोकळं करून दिलेलं आहे.