आखाडातला जावई

साताऱ्याच्या पोराला सांगलीची मुलगी देताना लोक पत्रिका बघतात, शेती बघतात, पोरगा तंबाखू खातो का हे त्याच्या मित्रांना गुपचूप विचारतात. कोयनेत पाणी किती आहे हे कोणी बघत नाही. बघायला पाहिजे. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरात, कोयनाही तिथंच. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणं सगळी आमच्या जिल्ह्यात. आणि एवढं पाणी सोडलं की जातं कुठं, तर आमच्या सासऱ्यांच्या गल्लीत.

आमचं लग्न वैशाखात झालं, त्यामुळं हा विषय निघालाच नाही. नवरीला घेऊन परत येताना कराडला प्रीतिसंगमावर थांबलो. फोटोग्राफरची हौस, दुसरं काय! उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना समोरासमोर येऊन एकमेकींवर धडकतात आणि मग काटकोनात वळून निघतात सांगलीच्या दिशेनं. "दोघं असंच एकरूप होऊन राहा," फोटोग्राफर म्हणाला. त्या एकरूप पाण्याचं पुढं काय होतं हे सांगणं त्याच्या पॅकेजात नव्हतं.

मग पहिला आखाड आला आणि बायको माहेरी गेली. पहिल्या आखाडात सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड बघायचं नाही, असं आमच्या आईचं म्हणणं. "पण नवऱ्यानं बघितलं तर चालतं ना?" मी विचारलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं तोंड बघायला कोण बसलंय तिथं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी निघालो. मी पतसंस्थेत कारकून. "कराडला ऑडिट आहे, एक मुक्काम पडेल," असं घरी सांगितलं, ऑफिसच्या बॅगेत कंदी पेढ्यांचा बॉक्स कोंबला आणि एसटीत बसलो. एका मुक्कामाला कपडे काय करायचेत, हा शहाणपणाही मीच केला. उंब्रजला पाऊस लागला, तो पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, कुठंच थांबला नाही. सांगलीत उतरलो तेव्हा माझ्यापेक्षा पेढे कोरडे होते.

दार मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी उघडलं. "या" म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या मागं कोण आहे ते बघितलं.

इथं सांगलीच्या हवेबद्दल सांगायला हवं. मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'नं झाली, म्हणजे थेट लग्नानं. आणि लग्नानंतर काय होतं ते शेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'संशयकल्लोळ'मध्ये लिहून ठेवलं. १९१६ साली ते संगीत होऊन रंगभूमीवर आलं. एका फोटोवरून नवरा-बायको एकमेकांवर संशय घेत सुटतात, एवढीच त्याची गोष्ट. आमचे मामा तरुणपणी हौशी नाटकात त्यातला फाल्गुनराव करायचे. नाटक बंद पडलं; भूमिका चालू आहे.

जावई आखाडात, न कळवता, भिजून, रिकाम्या बॅगेनं आलाय. मामांना वाटलं, नोकरी गेली. मामींना वाटलं, पोरीनं सासरी काहीतरी बोलून ठेवलंय. समोरच्या काकूंना वाटलं, प्लॉटसाठी पैसे मागायला आलाय. मेव्हण्याला काहीच वाटलं नाही, कारण तो पेढे खात होता. बायको तेवढी आतल्या दारातून हसली, आणि त्या हसण्यावर मी पुढचा सगळा अपमान काढला.

रात्री मेव्हणा मोबाईल बघत म्हणाला, "दाजी, कोयनेचे दरवाजे उचलले." सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. जणू मी निघताना चावी फिरवून आलो होतो.

सकाळी एसटीनं आष्ट्याच्या बाजूच्या फेऱ्या थांबवल्या. माझे कपडे वाळेनात. मामांचा पायजमा माझ्या पोटरीपर्यंत आला. वर मेव्हण्याचा टी-शर्ट, छातीवर जिमचा दंड फुगवलेला. असा मी ओट्यावर बसलो की येणारा-जाणारा विचारायचा, "काय पावणं, अजून किती सोडणार?" आधी मी खुलासे दिले. मग लक्षात आलं की सांगलीत जावयाला एवढा मान पुन्हा मिळायचा नाही. मी टीएमसीत बोलायला लागलो. कोयनेची क्षमता एकशे पाच, दरवाजे सहा, विसर्ग टप्प्याटप्प्यानं. कोणी आलमट्टीचं विचारलं तर मी तिकडचंही बघून घेतो अशा सुरात मान हलवायचो. पतसंस्थेत मला चहासुद्धा कोणी विचारत नाही.

स्वयंपाकघरात मात्र हा रुबाब चालायचा नाही. तिथं भिंतीवर, स्विचबोर्डच्या बरंच वर, निळ्या ऑइलपेंटची एक रेघ आहे, २०१९ च्या पाण्याची. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. मामी जून लागला की कागदपत्रं आणि तांदळाचा डबा माळ्यावर टाकतात, कोणाशी काही न बोलता. त्या रेघेखाली बसून जेवताना मी टीएमसी काढला नाही.

आयर्विन पूल १९२९ चा. तिथं चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. चाळीसच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडची माणसं सामान हलवायला लागतात आणि बाकीचं गाव पाणी बघायला पुलावर जातं. त्या वेळी पाणी एक्केचाळीसला घुटमळत होतं. आम्ही दोघंही गेलो. एक छत्री, भडंगाचा एक पुडा, खाली तांबडं पाणी. लग्नानंतर आम्हाला असा निवांतपणा मिळाला तो आपत्ती व्यवस्थापनाच्या कृपेनं.

तेवढ्यात एक माईकवाला आला. "पाणी वाढेल का?" मागून आलेल्या मेव्हण्यानं मला पुढं ढकललं, "दाजींना विचारा, ते तिकडचेच." आणि मी, पोटरीवरचा पायजमा नि फुगलेला दंड घेऊन, कॅमेऱ्यात बघत म्हणालो, "घाबरू नका. आम्ही विसर्ग कमी करतोय."

आम्ही!

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज अगदी गोड. "काय रे, कराडला पाणी बरंच वाढलंय म्हणायचं. पार आयर्विन पूल वाहत आलाय तिथं." मी ऑडिटबद्दल काहीतरी पुटपुटलो. "ते राहू दे. तुझ्या मागं भडंग खात कोण उभी होती?" मग तिचा आवाज बदलला. "सुनेचं तोंड बघितलं रे मी. भर आखाडात. तेही दर अर्ध्या तासाला दाखवतायत."

गुरुजींना विचारलं. टीव्हीवरचं दर्शन धरत नाहीत, असा त्यांनी निर्णय दिला. थेट प्रक्षेपण असतं तर विचार करावा लागला असता म्हणाले. आईनं तेवढ्यावर समाधान मानलं, पण तांदूळ-नारळ देऊन आलीच.

इकडं पाणी उतरायला लागलं आणि कोणीतरी मामांना आठवण करून दिली, की एसटी बंद होती तरी मिरजेहून रेल्वे चालूच होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बायकोलाही होतं. आम्ही दोघांनी तो विषय पुराच्या पाण्याइतकाच जपून हाताळला होता.

मामा आणि मेव्हणा मला मिरज स्टेशनवर सोडायला आले. गाडी यायच्या आधी मामा खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "जावईबापू, खरं सांगा. भांडण झालं होतं?"

"नाही, मामा."

"नोकरीचं काही?"

"नाही."

"पैसे हवे होते?"

"नाही हो."

"मग आला होता कशाला?"

"हिला भेटायला," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग मेव्हण्याकडं वळून म्हणाले, "काहीतरी लपवतोय."